शांतवन मास्तरांचा कान

शांतवन मास्तर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. नवीन माणूस बिचकायचा, शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा. बायका पदर सारखा करायच्या. मग कुणीतरी समजावून सांगायचं, तसं काही नाही, त्यांना ऐकू कमी येतं. ओठ, जबडा आणि गळ्याची हालचाल बघून ते बोलणं ओळखत. गाणंही तसंच ओळखत. "कान लूमला दिले, आता डोळ्यांवर भागवतो," असं स्वतःच सांगायचे.

आम्ही मास्तर म्हणत असलो तरी ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. सगळी उमर त्या खडखडाटात गेली. रविवारी मात्र आमच्या छोट्या चर्चमध्ये गायनमंडळ त्यांच्या हाती असे. त्याबद्दल त्यांना कुणी काही देत नव्हतं आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. मंडळात यायला वयाची अट नव्हती, आवाजाचीही नव्हती. सात वर्षांची रूथ आणि सत्तरी ओलांडलेल्या राहेलआजी एकाच रांगेत उभ्या राहत. मुलांचा गट वेगळा करा, असं पाळकांनी एकदा सुचवलं. मास्तर म्हणाले, "घरात जेवायला वेगळं बसवता का पोरांना? मग हितं कशाला?"

आमच्या मंडळाची एक खोड होती. निम्मी माणसं लूमवरची. दिवसभर मागाच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे गाणंही ओरडूनच. त्यात कान अधू. पेटी कधी थांबली ते कळायचं नाही. पाळकांनी प्रार्थना संपवून आमेन म्हटल्यावर योसेफकाकांनी पाचवं कडवं सुरू केलं होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. गाण्याला कडवी चारच होती.

मास्तरांनी त्यावर इलाज काढला. सगळ्यांनी एकामागे एक उभं राहायचं आणि डावा हात पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचा. मास्तर पुढे उभे राहून पहिल्याच्या खांद्यावर ताल धरायचे, तो हाताहातांतून मागेपर्यंत जायचा. खांदा दाबला की थांबायचं. रूथचा हात कुणाच्या खांद्याला पुरायचा नाही, ती कोपर धरायची. बाहेरगावचे एक पाहुणे हसून म्हणाले, "हे गायनमंडळ हाय का रेशनची लाइन?"

"रेशनच हाय," मास्तर म्हणाले. "ज्यानं त्यानं आपल्या वाटणीचंच घ्यायचं."

त्यांचा नियम एकच होता. "तुझ्या मागच्याचा आवाज तुला ऐकू आला पायजे. न्हाय आला, तर तू जास्त गातोस."

हा नियम मला जाचला. मी त्याच कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरण्यापासून सुरुवात केली. आज जुने माग घेण्या-विकण्याचा माझा धंदा आहे, वडप्याला गोडाऊन आहे. जे मिळवलं ते आवाज चढवूनच मिळवलं. देवाने गळाही तसाच दिला. मंडळात सगळ्यांत चांगला आवाज माझा, हे मी म्हणत नाही, लोक म्हणत. आणि मास्तरांनी माझ्या मागे कोण उभं केलं, तर राहेलआजी. त्यांचा आवाज म्हणजे निरांजनाची वात.

"विलास, आजी आता काय म्हणाली?" मास्तर मध्येच पेटी थांबवायला लावून विचारायचे.

"ऐकू नाही आलं, मास्तर."

"मग परत पहिल्यापासनं."

सगळी रांग माझ्यामुळे पुन्हा सुरुवात करायची. योसेफकाका मागून म्हणायचे, "अरे बाबा, जरा कमी कर, घरी मटण शिजतंय."

एका वर्षी नाताळच्या गाण्यात मधलं कडवं एकट्याने गायचं ठरलं. ते मला हवं होतं. निजामपुऱ्यातले माझे व्यापारी त्या दिवशी येणार होते आणि ज्या चाळीतली माणसं मला अजून कांडीवाला म्हणत, तीही समोर बसणार होती. त्या सगळ्यांपुढे एकदा एकट्याने उभं राहायचं होतं. मी नवा कीबोर्ड आणि स्पीकर घेऊन सरावाला गेलो.

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. "ठेव तिकडं."

"मधलं कडवं मी गाईन."

"कीबोर्ड देवाला दिलास का मला?"

"देवाला."

"मग कडवं त्याच्याकडं माग."

लोक हसले. मी हसलो नाही. म्हणालो, "मास्तर, आपण सरळ बोलू. अजून काय पाहिजे? पंखे लावू? पोरांना कपडे करू?"

"मागच्याचं ऐकणारा मानूस पायजे," ते म्हणाले. "हाय का तुझ्या गोडाऊनमधे?"

कडवं त्यांनी राहेलआजी आणि रूथला मिळून दिलं. एकीला दम पुरत नव्हता, दुसरीला शब्द पाठ होत नव्हते. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "बहिऱ्याच्या हातात गाणं दिलं की हेच होणार."

मास्तर माझ्या गळ्याकडेच बघत होते, म्हणजे शब्द न् शब्द त्यांना पोचला. "बरोबर हाय," एवढंच ते म्हणाले आणि पहिल्याच्या खांद्यावर ताल धरून त्यांनी सराव पुढे सुरू केला. मी निघून आलो.

मला वाटलं, समजूत घालायला येतील. निदान माझी जागा तरी मोकळी ठेवतील. पुढच्याच रविवारी त्यांनी तिथे दुसरा माणूस उभा केला, आणि तो माझ्याच गोडाऊनचा वॉचमन. सोमवारी गेट उघडता उघडता तो मला म्हणतो, "सेठ, वो दूसरे गाने की धुन जरा गाके बताओ ना. मास्तर बोले, सेठ को बराबर आती है." मी त्याला गेट नीट लावायला सांगितलं.

तीन वर्षं मी रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो, पण रांगेत गेलो नाही. मास्तर दारात भेटले की गळ्याकडे बघून हसायचे, मी तोंड मिटून पुढे जायचो.

मग त्यांनी अंथरूण धरल्याचं कळलं. मी गेलो ते विचारपूस करायला नाही. एक प्रश्न राहिला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पलंगासमोर स्टूल दिलं. म्हणाल्या, "आता अगदीच ऐकू येत न्हाय. त्यांना तोंड दिसेल असा बस."

मी सावकाश विचारलं, "मास्तर, एकच सांगा. मंडळात सगळ्यांत चांगला आवाज माझा होता की नव्हता?"

"मला काय ठावं," ते म्हणाले. "सगळ्यांत मला ऐकू यायचा तो तुझाच."

"म्हणजे?"

"बाकीचे माझ्या लेखी मुकेच. त्यांचे नुसते गळे हलायचे. तू मोकळा गायलास की मला गाणं ऐकू यायचं. तुला दाबला की सगळं बंद."

"तरी मला दाबलंत."

"मंडळ माझ्या कानासाठी हाय का? तुला सोडला असता तर माझी चंगळ, आन् राहेलआजी घरी बसली असती."

मी म्हणालो, "हे तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू भाव वाढवला असतास," ते म्हणाले आणि डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की बोलणं संपलं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी मला चहा दिला. तो पिऊन मी उठलो.

त्या महिन्यातच ते गेले. दफनाच्या वेळी एक कडवं एकट्याने म्हणावं, असं पाळकांनी मलाच सुचवलं. कुणाची हरकत नव्हती, राहेलआजींनीही मान हलवली. मी नाही म्हटलं नाही. माझा राग गेला होता असंही नाही, तो अजून थोडा आहे. कबरीपाशी उभा राहून मी पूर्ण आवाजात गायलो. व्यापारी नव्हते, पण चाळ सगळी होती, आणि नंतर लोकांनी हात धरून कौतुक केलं. त्या गर्दीत मला एवढंच कळत होतं, की हे गाणं मास्तरांना पहिल्या ओळीपासून ऐकू आलं असतं आणि दुसऱ्या ओळीला त्यांनी मला थांबवलं असतं.