हरायला दोघं लागतात

आमच्या संघाने त्या वर्षी एकच सामना जिंकला, आणि तो पाहायचा माझ्यामुळे राहून गेला. मला राहिल्याचं दुःख असायचं कारण नव्हतं. अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. राहिला तो शेजारच्या म्हाताऱ्याचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात घर घेऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचा. त्याची बायको त्या वसंतात वारली होती. माझी बायको त्याला तोंडावर 'आजोबा' म्हणायची आणि तो त्या हाकेला ओ द्यायचा. अर्थ त्याने कधी विचारला नाही. मला तो 'डॉक' म्हणायचा. मी इंजिनिअर आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "बरं, डॉक."

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्याची शिडी परत द्यायला गेलो, तर तो रंग उडालेली संघाची टोपी घालून बंद टीव्हीसमोर बसला होता.

"आज मॅच नाही का?" मी विचारलं.

"आहे. सुरू झालीय."

"मग टीव्ही?"

"एकट्याने हरायचं कसं, डॉक? हरायला दोघं लागतात."

त्याच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची होती, पाठीवर विणलेलं कापड टाकलेली. तिथे त्याची बायको तीस-पस्तीस वर्षं स्वेटर विणत बसायची आणि डोळे वर न करता संघाला नावं ठेवायची. ती गेल्यापासून त्याने टीव्हीचं बटण दाबलं नव्हतं. मी शिडी गॅरेजमध्ये ठेवून सोफ्यावर टेकलो. सभ्यपणा म्हणून दहा मिनिटं बसणार होतो. तीन तास बसलो. आम्ही हरलो.

मग तो माझा रविवारचा नेमच झाला. खेळाचे नियम तो मला समजावून द्यायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा. दहा यार्ड झाले की नाही असा वाद पडला, की दोन माणसं काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन मैदानात धावायची आणि पन्नास हजार लोक श्वास रोखून बसायचे. आमच्याकडे मोजणीला येणारे सरकारी लोक मला आठवायचे. फक्त ते धावत नसत. सगळ्याच गोष्टीचा थाट मोठा होता. मध्यंतराला शे-दीडशे जणांचा बँड, समालोचकांची रणांगणावरची भाषा, आणि शेवटी प्रशिक्षक टाय नीट करत सांगणार की आम्ही विजयाच्या फार जवळ होतो. ते ऐकताना म्हाताऱ्याची कवळी जागची हलायची. "हा माणूस," तो म्हणायचा, "स्वतःच्या अंत्यविधीलाही सांगेल की तब्येत सुधारतेय."

ऑक्टोबर संपेपर्यंत आम्ही सगळ्या तऱ्हांनी हरून झालो होतो. एकदा शेवटच्या मिनिटाला, एकदा पहिल्याच, एकदा आमच्याच खेळाडूच्या हातून चेंडू सुटून तो समोरच्याच्या कुशीत गेला म्हणून. मी मनातल्या मनात हसायचो. हसू थांबलं ते त्याने एका रविवारी घर विकल्याचं सांगितलं तेव्हा. नवीन वर्ष लागलं की मुलगा येऊन त्याला ॲरिझोनाला घेऊन जाणार होता.

"तिथे आपली मॅच दाखवत नाहीत," तो म्हणाला. "एक, फक्त एक जिंकलेली मॅच या खोलीत बघायचीय मला. तिच्या खुर्चीसमोर. मग टीव्ही काढा, घर काढा, काय वाटेल ते करा." मग जरा वेळाने म्हणाला, "सोफ्यावरून टीव्हीच्या काचेवर उजेड दिसतो, डॉक. तू तिथे बस." आणि त्याने बायकोच्या खुर्चीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

तेव्हापासून मी त्या खुर्चीत बसू लागलो. निघताना दर वेळी म्हणायचो, "ओके, आय विल कम." तो मान हलवायचा.

नोव्हेंबरच्या मध्यावर आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. दिवाळी होऊन पंधरवडा लोटला होता, पण शाळेचा हॉल तेव्हाच मिळाला. तोही रविवारी, कारण शनिवारी शाळेच्या मुलांचं नाटक होतं. प्रमुख पाहुणे भारतातून आले होते. हॉलमध्ये मात्र ते दीड तास उशिरा आले. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. सातासमुद्रापार आपण संस्कृतीची ज्योत तेवत ठेवल्याबद्दल ते पाऊण तास बोलले. मागच्या रांगेतली मुलं इंग्रजीत भांडत होती. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. मी पाहुण्यांचे आभार मानले, शाल आणणाऱ्या काकूंचे मानले, माइक लावणाऱ्याचे मानले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा शेजारच्या पोर्चवरचा दिवा लागलेला होता. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

सोमवारी ऑफिसात कळलं की आम्ही जिंकलो. लोक कॉफीच्या मशीनपाशी एकमेकांच्या पाठी थोपटत होते. मला इतका आनंद झाला की माझं मलाच नवल वाटलं. संध्याकाळी चिवडा आणि लाडूंचा डबा घेऊन मी शेजारी धावलो.

"अभिनंदन! कशी झाली मॅच?"

"पेपरात बरं लिहिलंय," तो म्हणाला.

"म्हणजे? टीव्ही बिघडला?"

"नाही." त्याने डबा हातात घेतला, झाकण उघडलं, परत लावलं. "तू येतो म्हणाला होतास."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पोस्टमनने पत्ता वाचून दाखवावा तसं त्याने ते सांगितलं. दुपारी एकला मॅच, म्हणून त्याने दोन्ही खुर्च्या नीट केल्या. मला उशीर झाला असेल असं समजून तो पोर्चवर येऊन थांबला. मग मी मध्यंतराला येईन असं त्याला वाटलं. मग अंधारायला लागलं, म्हणून त्याने दिवा लावला.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"अहो, पण तुम्ही निघताना काय म्हणता त्यांना?"

"आय विल कम."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... येतो."

तिने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "मग आजोबा वाट बघणार नाहीत तर काय करणार?"

इतकी वर्षं मी इंग्रजीत नोकरी केली, अहवाल लिहिले, पेटंटच्या कागदांवर सह्या केल्या. उंबऱ्यावर आलो, की मात्र मराठीत निघत होतो. आधीच्या प्रत्येक रविवारी मी खरोखरच गेलो, त्यामुळे चूक उघडी पडली नव्हती. तो बिचारा मुलाला फोनवर सांगायचा म्हणे, शेजारचा डॉक येतो म्हणतो आणि येतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याला सगळं समजावलं. आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ मानतात, म्हणून निघतानाही 'येतो'च म्हणतात.

"निघालास तरी येतो?"

"हो."

"आणि खरंच येणार असलास तर?"

"तरी येतोच."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग घरच्यांना कळतं कसं, डॉक?"

नऊ वर्षांपूर्वी विमानतळावर मी आईला येतो म्हणालो होतो. तिने त्याचा कोणता अर्थ घेतला, ते विचारायच्या आत ती गेली.

उरलेले सगळे सामने मी त्या खुर्चीत बसून पाहिले. साडेबारालाच जाऊन बसायचो. सगळे हरलो. शेवटच्या सामन्यात शेवटची लाथ बसली तेव्हा चेंडू दोन खांबांच्या मधून जायचा, तो डाव्या खांबावर आपटून परत आला. म्हातारा मोठ्याने हसला. त्याला तसं हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. मग तो उठला, टीव्ही बंद केला, भिंतीतली वायर काढली आणि ती हातावर व्यवस्थित गुंडाळून ठेवली. मी म्हणालो, "चुकलं माझं." तो म्हणाला, "सोड रे. आपण विजयाच्या फार जवळ होतो."

जानेवारीत मुलगा ट्रक घेऊन आला. खुर्च्या त्याने फुटपाथवर ठेवल्या. ॲरिझोनाच्या घरात जागा नव्हती. बायकोने पोळ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. म्हातारा पुढच्या सीटवर बसला, काच खाली केली, आणि टोपीला हात लावून मला म्हणाला,

"ओके, डॉक. आय विल कम."

आमच्यात त्यावर जे म्हणतात ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. "या," मी म्हणालो. त्याला ते अमेरिकन 'या' वाटलं असणार, म्हणजे नुसतं 'हो'. त्याने हसून काच वर केली.

ऑगस्टमध्ये मुलाचं चार ओळींचं पत्र आलं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही.

सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी एकला पाच मिनिटं असताना मी आमच्या दिवाणखान्यात बंद टीव्हीसमोर येऊन बसलो. फुटपाथवरून उचलून आणलेली ती दुसरी खुर्ची, मी बसायचो ती, माझ्या शेजारी रिकामी होती. थोड्या वेळाने बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "मॅच नाही का आज?"

"आहे. सुरू झाली असेल."

मी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. संघ जिंकला, असं सोमवारी ऑफिसात कळलं.