पोलंडचं पत्र घेऊन लातूरला

मी मुळात संशयी माणूस. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी कॉपी पकडण्यात गेली. त्यामुळे शेजारच्या सलीमभाईंनी पोलंडच्या नोकरीचं पत्र वाचायला दिलं, तेव्हा अभिनंदन करायच्या आधी मी चष्मा पुसला. सलीमभाई इथे नांदेडला गाड्यांच्या सीटची रेक्झिन कव्हरं शिवतात. तिकडे सोफ्याच्या कारखान्यात काम होतं. पत्रात ‘पोलंड गव्हर्नमेंट’, ‘पोलंड लँग्वेज’ आणि तिथल्या माणसांना चक्क ‘पोलंड्स’! देश पोलंड, पण तिथलं सरकार, भाषा, जेवण सगळं पोलिश, आणि माणूस पोल, हे मी आठवीच्या पोरांकडून घोकून घेतलंय. स्वतःच्या देशाचं विशेषण न येणारं सरकार असतं होय?

पासपोर्ट महिन्यापूर्वीच लातूरच्या एजंटकडे गेलेला. या पत्राच्या भरवशावर महिनाअखेर दुकानाची जागाही दुसऱ्याला द्यायची ठरलेली. “उद्या लातूर,” मी म्हणालो.

सकाळची एसटी पकडा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन-चार तास लागतात. मला ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट. कंडक्टरनं माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, तेव्हा मला त्याच्याबद्दल आदरच वाटला. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते म्हणतात, पण तुम्ही सातच धरा. स्टँडबाहेर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा गरम सुशीला मिळाला, वर शेंगदाणे भरपूर. मी चमच्यानं तळापर्यंत उकरून बघितलं.

“सर, तुम्ही तर सुशीलावर बी शक करून राहिले,” सलीमभाई हसले. पण स्वतःचा सुशीला त्यांनी अर्धाच खाल्ला.

लातूर जवळ आलं की क्लासचे फलक सुरू होतात. एकच मुलगी तीन वेगवेगळ्या क्लासांच्या फलकांवर पहिली आलेली दिसली. मी वहीत नोंद केली. स्टँडवरून गंजगोलाईपर्यंत शेअर ऑटो मिळते. तिथून आत, शाळेच्या दप्तरांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर एजंटचं ऑफिस.

मी मास्तर आहे कळताच तो टेबल ओलांडून आला आणि पाया पडला. शिकवणीवर जगणारं गाव. इथे ‘सर’ म्हटलं की खुर्ची आणि चहा आलाच.

“पासपोर्ट मुंबईला गेलाय, सर. व्हिसासाठी.”

मी पत्र टेबलावर ठेवलं. “हे पोलंडहून आलंय? यात ढीगभर चुका आहेत.”

त्याची पापणीसुद्धा हलली नाही. “आमचा टायपिस्ट कच्चा हाय. तुमच्यासारखा मानूस भेटतच न्हाई. जरा दाखवता का, कुठं कुठं चुकलं?” ड्रॉवर उघडून त्यानं लाल पेन माझ्या हातात दिला.

झालं! चोर पकडायला आलेला मी पेपर तपासायला बसलो. पोलंड खोडून पोलिश केलं, समासात खुणा केल्या, डेन्मार्कचं डॅनिश कसं होतं तेही समजावलं. तो ‘वा सर’ म्हणत होता आणि मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटत होतं. सलीमभाईंना मी विसरूनच गेलो.

ते मात्र अर्धवट उघड्या ड्रॉवरकडे बघत होते. “सर, ते हिरवं कव्हर माझं हाय.”

“अशी कव्हरं लई असतात,” एजंट म्हणाला.

“सीटच्या तुकड्याचं हाय. शिलाई माझी हाय.” सलीमभाईंनी हात घातला आणि पासपोर्ट उचलला. आत त्यांचाच फोटो.

“आजच परत आला असंल,” एजंट पुटपुटला. आम्ही थांबलो नाही. तपासलेलं पत्र तिथेच टेबलावर राहिलं. खाली आल्यावर सलीमभाईंनी लगेच मोबाइल काढला. त्यांनी पहिला फोन जागेसाठी केला: दुकान सोडत नाही.

घरी येऊन मी ही हकीकत गल्लीभर सांगितली, अर्थात स्वतःला पुढे ठेवून. पंधरवड्यानं ती ऐकून देवणीकडचे एक शेतकरी आले. मुलाला पोलंडचं पत्र आलं होतं. एजंट तोच, पासपोर्टही दिलेला. मी पत्र दोनदा वाचलं. पोलिश सरकार, पोलिश भाषा, पोल. एक चूक सापडेना. मी घातलेला स्वल्पविरामसुद्धा जागेवर होता.

“हे खोटं आहे,” मी म्हणालो.

“चूक कुठं हाय, सर? आमच्या गावच्या मास्तरांनी वाचलं. म्हनले, इंग्रजी पक्कं हाय.”

ते इंग्रजी माझं आहे, हे सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“म्हंजे तुम्ही बी त्यांच्यातलेच का?”

उद्या सकाळच्या एसटीनं आपण दोघं लातूरला जाऊ, असं मी म्हणालो. ते हो म्हणाले, पण पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.