बैलाचं मोठं अक्षर

उसाच्या वाढ्याचा वास आला की दुष्काळातली कारखान्याची चारा छावणी आठवते. बाहेरून दहावीला बसलेली सून तिथं मला पाटीवर इंग्रजी शिकवायची. मी 'बुल' लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढलं. ती म्हणाली, "मामा, बैलाला बारकं अक्षर. मोठं फक्त नावाला." माझा बैल बारका? मी काही ते पुसलं नाही. "मग त्याचं नाव लिव्हा की," ती हसली. मी इंग्रजीत 'ढवळ्या' लिहिलं, पहिला डी त्याच्या वशिंडाएवढा. शेजारच्या दावणीवरचा दोस्त म्हणाला, "माझ्या म्हशीला मोठं अक्षर कावून न्हाई बे?" म्हणलं, "आदी तिचं बारसं घाल." त्यानं खरंच गूळ वाटला आणि काळ्याभोर म्हशीचं नाव हरणी ठेवलं. दुसरीतून शाळा सोडलेल्या मी तिचा एच काढला. तसा एच आमच्या घरात अजून कुणाला जमत नाही.