महादप्पाची बशी

विजू, जरा जवळ सरकून बस आणि आत्याचं ऐक. परवा चौसाळ्यावरून कंटेनर घेऊन गेलास, नुसता हॉर्न वाजवलास. आत्याच्या हॉटेलासमोरून उपाशी जातोस, शोभतं का रे तुला? गाडी हळू केलीस तेवढ्यात तुझे डोळे दिसले मला. लालभडक. म्हणून आज महादप्पाचं सांगते. तू पाहिलेलं नाहीस त्याला.

तेव्हा आपलं हॉटेल पत्र्याचं होतं. आत काचेच्या दाराचा फ्रीज नुकताच आला होता आणि रस्त्यावर रोज नव्या कंपनीची पाटी लागत होती. महादप्पा ट्रक उभा करायचा, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि येताच म्हणायचा, "अक्का, बशी काठोकाठ भरा." मग डावा हात पुढं करून पंजा पालथा धरायचा, त्यावर ती भरलेली बशी ठेवायचा आणि अकरा वेळा शिवाचं नाव घ्यायचा. एक थेंब सांडला तरी बाहेरच्या बाजेवर झोपायचं, स्टेरिंगला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. "हात खोटं बोलत न्हाई, अक्का," असं म्हणून तोच चहा फुर्रकन पिऊन टाकायचा. इतक्या वर्षांत थेंब सांडलेला मी पाहिला नाही. नव्या ड्रायव्हरांना आम्ही त्याचा हात कौतुकानं दाखवायचो.

पुढं बीडजवळ एका कंपनीचं मोठं गोदाम झालं आणि नियम आला. माल भरण्याआधी ड्रायव्हरनं बाटलीत लघवी द्यायची, नशापाणी निघालं तर गाडी नाही. वर एका कागदावर सही, की मी शुद्धीत आहे, जबाबदारी माझी. झालं! आपल्या हॉटेलात वेगळंच गिऱ्हाईक सुरू झालं. तुझे आतोबा चहाशिवाय कशाला शिवायचे नाहीत, हे साऱ्या रस्त्याला ठाऊक.

"अक्का, मालक हायत का? बाटली भरून पाहिजे."

आतोबा आधी चिडले, मग फुशारले. "निम्म्या गाड्या माझ्यावरच चालत्यात," म्हणायचे. मी पोट धरून हसायची. हसले रे मी, ते लपवत नाही.

एक दिवस महादप्पा आला. चहा मागितला नाही. म्हणाला, "मालकाला सांगा."

"अप्पा, तुमी बी?"

त्यानं कमरेची चंची उघडली. आत अफूची काळी गोळी. "बारा वर्षं झाली, अक्का. हिच्यामुळंच हात थिर हाय. चार दिवस सोडून बघितली, तर रिकामी बशी बी धरवंना. आज गोळी घेतलीय, तवा उभा हाय. ही एक खेप जाऊ द्या, मग सोडतो."

तेव्हा त्याच्या हातातली किल्ली काढून घ्यायला हवी होती मी. त्याला बाजेवर निजवायला हवं होतं. मी काय केलं? खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली माझ्या हातानं विसळून दिली.

त्याच दुपारी मांजरसुंब्याच्या घाटात त्याची पापणी मिटली. गवताचा भारा घेऊन एक बाई कडेनं चालली होती. ती जागीच गेली.

जामिनावर सुटल्यावर गाडीच्या ठेकेदाराचा मुकादम त्याला आपल्याच हॉटेलात घेऊन आला. "लघवीचा कागद साफ हाय बे तुझा. ब्रेक गेला म्हण, सुटशील." आतोबा कोपऱ्यात घामाघूम. "अप्पा, माझं नाव..."

"तुमचं कशाला घेऊ? गोळी माझी, सही माझी." मग माझ्याकडं वळला. "त्या बाईनं गाडीकडं बघितलं, अक्का. मीच न्हाई बघितलं."

मुकादम अडवत राहिला आणि हा चालत चौकीत गेला. "ती बाटली माझी न्हवती, मी गोळी खाल्ली होती," एवढं सांगितलं. कुणाची बाटली, हे कितीदा विचारलं तरी बोलला नाही. आणि आम्ही दोघं? आम्ही इथंच बसून राहिलो. गिऱ्हाइकांना चहा देत राहिलो.

तुरुंगातून आला तेव्हा त्याचे हात सुपातल्या दाण्यांसारखे थरथरत होते. गाडी कायमची सुटली होती. हॉटेलासमोरच्या बाजेवर बसून राहायचा. मी बशीत कधी चहा दिला नाही त्याला, पेल्यात अर्धाच द्यायची. येणाऱ्या ड्रायव्हरला तो एकच विचारायचा, "काय खाल्लंस? खरं सांग." कुणी हात पुढं करून दाखवला तर लई संतापायचा. "हात खाली घे! माझा हात बारा वर्षं खोटं बोलला. तोंडानं सांग." ज्यानं खरं सांगितलं त्याला बाज मोकळी करून द्यायचा आणि स्वतः उन्हात दगडावर बसायचा. कितीजण रागवून, शिव्या देऊन गेले. काहीजण झोपले.

असाच एका दुपारी एका ड्रायव्हरला बाज देऊन दगडावर बसला. मी चहा घेऊन गेले, तर भिंतीला टेकला होता. तुरुंगातून आल्यापासून हात पहिल्यांदाच थिर दिसले. हाक मारली, ओ आली नाही. तो ड्रायव्हर अजून झोपलेलाच होता. मी त्याला उठवलं नाही. त्याची झोप होऊ दिली.

विजू, तू काय खातोस ते मी विचारणार आहे. खोटं बोलू नकोस आणि मी आता बाटली विसळणार नाही. ती बाज नव्यानं विणून घेतलीय, लिंबाखाली टाकलीय. पुढच्या खेपेला हॉर्न वाजवू नकोस. गाडी बाजूला लाव आणि ये.