भाऊंच्या पेजचा ॲडमिन

जिल्ह्यात कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं की ॲडमिन त्या माणसाच्या चांगल्या फोटोच्या शोधाला लागायचा. माणूस बरा झाला तर फोटो वाढदिवसाला चालायचा, नाही झाला तर दुसऱ्या कामाला. ‘फोटो वाया जात न्हाई सर,’ तो मला म्हणायचा. एखाद्याने कडब्याबद्दल बोलावं इतक्या सहज.

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उच्चारलं जाई. एरवी तो भाऊंच्या पेजचा ॲडमिन. भाऊ हे आमच्या भागातले पुढारी. त्यांचा पक्ष सांगत नाही, कारण हे छापून येईपर्यंत तो बदललेला असण्याची शक्यता आहे. जालन्यात धान्याच्या मोंढ्याजवळ, बियाण्यांच्या एका दुकानाच्या वर त्यांचं संपर्क कार्यालय होतं. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन घरात नकोसा झालेला मी तिथे मजकूर तपासायला जात असे. जनता संपर्काला क्वचितच यायची, त्यामुळे शांतता उत्तम होती.

ॲडमिनचा दिवस सूर्योदयाच्या फोटोने सुरू होई. त्या फोटोवर भाऊंचा हसरा चेहरा सूर्यापेक्षा थोडा मोठा असे. सूर्य उगवला की वाढदिवस, वाढदिवसांनंतर जयंत्या, मग पुण्यतिथ्या, मग लग्नाचे वाढदिवस आणि जेवणाआधी श्रद्धांजल्या. दुपारी उद्घाटनाचा व्हिडिओ. त्यात भाऊंनी फीत कापल्यावर टाळ्यांचा आवाज वेगळा जोडावा लागे. संध्याकाळी आलेल्या लाइकची मोजणी. भाऊ स्वतः वाचत काही नसत, पण आकडे त्यांना पाठ असत. ‘विकासाला कुणी लाइक करत न्हाई सर,’ ॲडमिनचा सिद्धांत होता. ‘पुलाच्या फोटोला भाऊ, भाऊंचा मुलगा आणि पूल बांधणारा गुत्तेदार. दुःखाला मात्र सगळा तालुका येतो.’

एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्याचं पेजही तोच बघे. मातृदिनाला काय टाकावं, असं मालकांनी विचारलं तेव्हा त्याने सळयांच्या मोळीला झेंडूचा हार घातला आणि खाली लिहिलं, ‘आई म्हणजे घराचा कॉलम.’ मी कपाळाला हात लावला. मालकांनी ते फ्रेम करून केबिनमध्ये लावलं.

लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची त्याची स्वतंत्र पद्धत होती. कुणी लिही, ‘भाऊ, आमचा रस्ता कधी?’ ॲडमिन भाऊंच्या नावाने जोडलेले दोन हात पाठवी. कुणी लिही, ‘पाइपलाइन फुटून महिना झाला.’ पुन्हा हात. ‘अरे, माणसाने प्रश्न विचारलाय,’ मी म्हणालो. ‘हात जोडले की माणूस गप बसतो सर. न्हाई बसला तर पुन्हा जोडायचे.’ लोकशाहीवर मी बरीच जाड पुस्तकं वाचली आहेत, पण इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तो राजूरचा. अंगारकीला भाऊ तिथल्या गणपतीच्या दर्शनाला गेले की थेट प्रक्षेपण त्याच्याकडेच. एकदा भाऊंनी डोळे मिटून अत्यंत भक्तिभावाने हात जोडले आणि हा गर्दीतून ओरडला, ‘भाऊ, तिकडून न्हाई, हिकडून जोडा. उजेड हिकडून हाये.’ भाऊ वळले. देवाकडे पाठ झाली, पण चित्र स्वच्छ आलं. चौदा एप्रिलला मात्र हा मिळत नसे. भाऊंच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच लावून ठेवायचा आणि निळा फेटा बांधून गावच्या मिरवणुकीत जायचा. ‘त्या दिवशी मी भाऊंचा न्हाई सर,’ एवढंच सांगायचा.

श्रद्धांजलीच्या बाबतीत भाऊंचा एकच नियम होता. जिल्ह्यात पहिली आपली पडली पाहिजे. विरोधकांची आपल्याआधी दिसली की भाऊंना खरोखर दुःख होई. म्हणून ॲडमिन म्हाताऱ्या, आजारी, वजनदार लोकांच्या श्रद्धांजल्या आधीच करून ठेवी. फोटो तोच, वाढदिवसाला भोवती झेंडू, श्रद्धांजलीला खाली समई.

हसनाबादचे आप्पा हे त्या यादीतले मानाचे गृहस्थ. जुने कार्यकर्ते, गावची मतं त्यांच्या शब्दावर. त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. त्या सकाळी ॲडमिनच्या फोनच्या छोट्या पडद्यावर झेंडू आणि समई सारखीच पिवळी दिसली, आणि त्याने समई पाठवली.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. भाऊंचं पेज खोटं कसं बोलेल, म्हणून विरोधकांनी लगोलग आप्पांचा आणखी मोठा फोटो टाकला. पतसंस्थेने टाकला. शाळेने टाकला. आदल्या दिवशी आप्पांबरोबर चहा प्यायलेल्यांनीही आप्पांना फोन करून खात्री करण्याऐवजी शोक व्यक्त केला. घोटाळा कळल्यावर भाऊंचा फोन आला. कार्यालयातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, ‘त्याला आजच्या आज काढा.’ ॲडमिनच्या बायकोला नुकतेच दिवस गेले होते, आणि दुसरी नोकरी म्हणजे ती सळई.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि स्वतः दिवंगत आत आले.

‘ती पोष्ट कुणी टाकली?’

ॲडमिन उभा राहिला. ‘मी आप्पा. चुकून गेल्ती. आत्ताच काढतो.’

‘काढू नको,’ आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. ‘मला बारीक दिसत न्हाई. कोण काय लिहू राह्यलं, वाचून दाखव.’

ॲडमिन वाचू लागला. ‘आधारवड हरपला.’

‘कोण म्हणतो?’

ॲडमिनने नाव सांगितलं.

‘त्यानं माझा बांध कोरलाय. त्याला म्हणा, आधारवडाच्या वावरातली दोन तासं आधी परत कर. पुढं.’

‘आप्पांनी मला बोट धरून राजकारणात आणलं.’

‘याला मी पाडलंय. पुढं.’

असं बराच वेळ चाललं. आप्पा खूश होत गेले. मधेच त्यांनी एक नाव विचारलं, धाकट्या भावाचं. ॲडमिनने खालीवर शोधलं. ‘त्यांचं काही न्हाई आप्पा.’

‘बोलणं बंद हाये आमचं,’ आप्पा म्हणाले. मग त्यांनी भाऊंना फोन लावायला सांगितला. ‘भाऊ, मी बोलू राह्यलो. हां, जिवंत. ह्या पोराला काढायचं न्हाई. मेल्यावर हे मला कुणी वाचून दाखवलं असतं?’

मतांचा प्रश्न होता, नोकरी वाचली. जाताना आप्पा जिन्यापाशी थांबले. ‘मी खरा जाईन तवा तू मातीला यायचं. फोटो टाकायला न्हाई, नुसतं यायचं. फोन हितंच ठेवून.’

‘येतो आप्पा.’

‘बराबर?’

‘बराबर.’

वरवर सगळं पूर्वीसारखं झालं. फक्त ॲडमिनने आप्पांची समई पुसून टाकली होती. नवी करून ठेवणार नाहीस का, असं मी एकदा विचारलं. ‘न्हाई सर, ते आता तयार ठेवायचं न्हाई,’ तो म्हणाला.

दोन पावसाळे गेले आणि आप्पा खरे गेले. हसनाबादहून निरोप आला तेव्हा भाऊ मुंबईत कुठल्याशा बैठकीत होते. ॲडमिनने निरोप ऐकला, फोन टेबलाच्या खणात ठेवला आणि मोटारसायकलची किल्ली घेतली.

‘अरे, टाकून तरी जा,’ मी म्हणालो.

‘शब्द दिल्ता सर.’

खणातला फोन दिवसभर खणखणत राहिला. पेज उघडायचा आकडी कोड त्याच फोनवर येई आणि त्या फोनचं कुलूप त्याच्याच अंगठ्याने उघडे. विरोधकांची श्रद्धांजली पडली. पतसंस्थेची पडली. आमच्या पेजवर मात्र सकाळचा सूर्य तसाच होता, शेजारी भाऊ हसत होते.

दुसऱ्या दिवशी ॲडमिन आला तो मातीने भरलेल्या चपलांनीच. आप्पांचा धाकटा भाऊ तिथे आला होता आणि बांधावर एकटाच बसून रडत होता, एवढं त्याने मला सांगितलं. मग त्याने पोस्ट केली. झेंडू नाही, समई नाही, भाऊंचा चेहरा नाही. आप्पांचा फोटो आणि नाव. जिल्ह्यातली सर्वांत शेवटची.

खाली कुणीतरी टवाळीने विचारलं, ‘भाऊ, ह्या वेळेस नक्की का?’

मी हात येण्याची वाट पाहत होतो. ॲडमिनने थोडा विचार करून लिहिलं, ‘हो. मी तिथं होतो.’

दुपारी भाऊंचा मुंबईहून फोन आला. जिवंत माणसाला मारल्याबद्दल त्याची नोकरी गेली नव्हती, मेलेल्याला उशीर केल्याबद्दल गेली. त्याने कार्यालयाचा तो फोन माझ्या हातात दिला, कुलूप कसं बदलायचं ते दाखवलं, आणि जाता जाता म्हणाला, ‘उद्या सूर्याचं बघा सर.’ आता राजूरला त्याचं फोटोचं दुकान आहे. गणपतीला आलेल्या माणसांना तो उजेडाकडे तोंड करून उभं करतो. सळईच्या मालकांनी त्याला सोडलेलं नाही.

भाऊंचं पेज आता पुण्याची कंपनी चालवते आणि सूर्य जास्त मोठा झाला आहे. पण आप्पांची ती पोस्ट अजून आहे. तिच्याखाली भाऊंच्या नावाने, भाऊंच्या हसऱ्या गोल फोटोशेजारी ते उत्तर दिसतं, ‘हो. मी तिथं होतो.’ त्याच्याखाली लोकांनी भरभरून लिहिलं आहे की, भाऊ, एवढ्या कामातून तुम्ही मातीला आलात, असा माणूस होणे नाही.

भाऊंनी त्या सगळ्यांना हात जोडले आहेत.