उपसलेल्या विहिरीचा नमुना

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण पाणी कुठे लागेल हे मी आजवर कुणाला विचारायला गेलो नाही. देवरुखच्या अलीकडे उतारावर आमची वाडी आहे, तिथली विहीर मी आणि माझ्या वडिलांनी जांभा फोडून खणली. आठ घरं तिचं पाणी पितात. यंदा शिमगा झाल्यावर त्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसायला लागला, घसा चरचरायला लागला.

कारण वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या माळावर होतं. काजूच्या टरफलांचं तेल काढणारा कारखाना तिथे झालाय. त्यांचं काळं पाणी ते उघड्या खड्ड्यात सोडत. जांभ्यात पाणी थांबत नाही, खाली झिरपतं. हे मी मॅनेजरला दोनदा जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "आजोबा, पुरावा काय?" शेवटी मुंबईला असलेल्या माझ्या मुलाने मोबाइलवरून प्रदूषणाच्या खात्यात तक्रार टाकली. रत्नागिरीहून उत्तर आलं की पाण्याचा नमुना घ्यायला येतो. नमुन्यात काही सापडलं नाही तर तक्रार बंद.

आमच्याकडे दर वर्षी वैशाखात विहीर उपसतात, गाळ काढतात, नारळ फोडतात. साहेब येणार म्हटल्यावर मी ते काम लवकर उरकलं. आदल्या दिवशी पंप लावून विहीर उपसली, शेवाळ घासलं, ग्रामपंचायतीतून जंतू मारायची टीसीएल पावडर आणून टाकली.

आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणाली, "अहो, त्यांना घाणच बघायचीय ना?"

"तू गप. पाहुणा यायचा असला की अंगण झाडतेस की नाही?"

साहेब म्हणजे एक बाई निघाल्या. नातीच्या वयाच्या. मॅनेजरही आला. बाईंनी बाटल्या काढल्या, कठड्यावरून वाकल्या आणि वास घेतला.

"आजोबा, पावडर टाकलीत?"

"कालच. उपसून लख्ख केलीय. तळाचा दगड दिसतो बघा."

त्यांनी बाटलीचं झाकण परत लावलं. "मग मी तपासू काय?"

मॅनेजर हसला. "घ्या की मॅडम, तारीख आजचीच ठरलीय. पाणी लख्ख आहे, आजोबाच सांगतायत."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसलो ते. मंडळी पदराआड तोंड करून उभी होती. हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही.

बाई म्हणाल्या, "विहीर उपसली, पावडर टाकली, असं लेखी द्या. म्हणजे मला आजचा नमुना न घेण्याचं कारण लिहिता येईल. पंधरा दिवसांनी परत येते. पण तोवर विहिरीला हात लावायचा नाही."

आजवर मी कुणाला चुकलो म्हणून सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, विचारा तिला. मी कागदाकडे बघत राहिलो. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "लिहिता येत नसेल तर अंगठा घ्या, मॅडम."

"अंगठा तुझा दे," म्हटलं आणि पेन ओढून घेतलं. कठड्यावर कागद ठेवून लिहिलं, 'मी काल विहीर उपसली. पावडर टाकली. माझी चुकी झाली. परत यावे.' ओळी वर चढल्या. सही मात्र ठसठशीत.

ते पंधरा दिवस फार जड गेले. पिण्याचं पाणी खालच्या वाडीतून आणत होतो. विहिरीत फणसाची पानं पडायची आणि माझा हात शिवशिवायचा. मंडळी मागून म्हणायची, "काढा, काढा. परत लिहायला लागेल." आठव्या दिवशी तवंग आला. घाण बघून बरं वाटायची ही माझी पहिलीच वेळ.

बाई शब्दाला जागल्या. बाटल्या भरल्या, सील केल्या, माझी आणि मॅनेजरची सही घेतली. त्यात टरफलांचं तेल सापडलं. कारखान्याला हुकूम झाला की खड्डा उपसा, काळा गाळ उचलून न्या, तोवर काम बंद. आता वर उपसायचं काम चालू आहे.

पण हुकूम आम्हालाही झाला. पुन्हा तपासणी होईपर्यंत हे पाणी प्यायचं नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई लाल पाटी घेऊन आला, 'पिण्यास अयोग्य'. माझ्या विहिरीवर! मी कठड्याशी आडवा उभा राहिलो, मग बाजूला झालो. मागितलं तर मीच होतं.

पाटी त्याने वाकडी बांधली. तो गेल्यावर मी तार सोडून ती सरळ केली.