घरटी माणसं

आमची थोरली नगर नियोजन कार्यालयात माणसं मोजते. खरं तर अंदाज बांधते. आकाशातून काढलेल्या फोटोवर वस्तीतली छपरं मोजायची, मग दर विसाव्या घरी जाऊन विचारायचं, "तुम्ही किती जण?" त्याची सरासरी काढायची आणि छपरांच्या संख्येने गुणायची. तिच्या कागदावर 'घरटी माणसे' असा रकाना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी विचारलं, "पाखरंही मोजता की काय?"

"आई, घरटी म्हणजे दर घरामागे!" पोट धरून हसली कार्टी.

तिच्या पायाला भिंगरी, माझ्या जिवाला घोर. कुत्री, ऊन, परकी दारं. परवा ती टेकडीमागच्या नव्या वस्तीकडे निघाली, तशी मीही पाण्याची बाटली घेऊन निघाले.

"साहेबांना सांग, मदतनीस घेतलीय."

"बिनपगारी आणि बिनकामाची," ती म्हणाली.

त्या वस्तीला पाण्याची टाकी बांधायची होती. जुन्या पाहणीत घरटी चार माणसं धरलेली. सोमवारी आकडा कायम होणार होता. वस्ती तर डोळ्यांदेखत फुगलेली. पण ज्या दारात जावं तिथे उत्तर एकच, "चार."

शेवटच्या दारातल्या तरुण बाईनेही तेच सांगितलं. थोरली लिहू लागली. माझं लक्ष दोरीवर गेलं. चार मापांचे सदरे, शाळेचे तीन गणवेश, म्हाताऱ्या माणसाची बंडी, आणि ओळीने दुपटी. मला राहवेना.

"सावलीत वाळत नाहीत गं दुपटी. बाळ केवढं आहे?"

"तीन महिन्यांचं," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "घरमालकाला कळलं तर बाहेर काढेल हो."

थोरली उंबऱ्यावरच बसली. "ताई, नाव मी लिहीतच नाही. फक्त आकडा. पण चार लिहिले, तर टाकीही चौघांपुरतीच होईल."

बाईने आत पाहिलं, बोटांवर मोजलं. "नऊ. बाळ धरून दहा." मग पायात चपला सरकवल्या. "चला, मी येते. माझ्यासमोर बोलतील सगळे."

पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. संध्याकाळी सरासरी सात निघाली.

"एका फेरीत चाराचे सात?" साहेबांनी विचारलं म्हणे.

"होतेच साहेब. सांगत नव्हते."

सोमवारी सात कायम झाले. थोरली घरी आली ती गाणं गुणगुणतच. पाय दुखतात का विचारलं, तर म्हणाली, "छे!"

तिचे मोजे धुवायला घेतले, तेव्हा टाचांवरचे रक्ताचे डाग दिसले. कोमट पाण्याचं घमेलं तिच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवलं.